समुद्राकाठचं जुनं घर : आधी भिंत वाळू द्या, मग रंगाचं बोलू

प्रश्न : आत्याच्या पश्चात तिचं समुद्राकाठचं घर दादाच्या आणि माझ्या वाट्याला आलं आहे. दगड-चुन्याच्या जाड भिंती, वर कौलं, आणि मागे कधीतरी नंतर जोडलेलं स्वयंपाकघर व न्हाणीघर, त्यावर सिमेंटचा स्लॅब. समुद्र इतका जवळ की लाटांचा आवाज घरात येतो. खोल्या अंधाऱ्या आहेत. भिंतींना कमरेपर्यंत लोणा लागतो, रंग दिला की सहा महिन्यांत पोपडे निघतात. स्लॅबखाली सळ्या दिसायला लागल्या आहेत. दादा म्हणतो, पाडून नवं बांधू. कंत्राटदार म्हणतो, पाडायची गरज नाही : जुना गिलावा खरवडून वॉटरप्रूफ सिमेंटचा गिलावा करू, समुद्राकडची भिंत काढून तिथे अखंड काच लावू, खाली पांढऱ्या चकचकीत फरश्या, वर पीओपीचं छत. चित्रात हे फार सुंदर दिसतं. ह्यांना आणि मला आधुनिक, मोकळं, शांत घर हवं आहे. दोघंही नोकरीने थकलोय. तिथे गेल्यावर काहीही करावं लागू नये, एवढीच इच्छा आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य शेवटून दुसरं आहे. तिथे गेल्यावर काहीही करावं लागू नये. हे वाक्य कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि कंत्राटदाराच्या यादीतली एकेक गोष्ट त्याच्या शेजारी ठेवून बघा. चकचकीत फरशीवर ओल्या पायांचे आणि वाळूचे डाग सतत दिसत राहणार. अखंड काचेवर दोन दिवसांत मिठाचा धुरकट थर बसणार. पीओपीच्या छतावर दमट हवेत डाग पडणार आणि वरून कौल गळतंय की नाही ते कळणारसुद्धा नाही. सिमेंटच्या गिलाव्याचं पुढे सांगते, तो सगळ्यात वाईट. ही यादी घर शांत दिसावं म्हणून केलेली आहे. तुम्हाला मात्र हवंय असं घर, की कुलूप उघडून आत शिरलं की ज्याला तुमच्याकडून काही नको असतं. समुद्राकाठी या दोन गोष्टी बऱ्याचदा एकमेकींच्या विरोधात जातात, आणि तेव्हा माझं मत कायम दुसरीच्या बाजूने असतं.

आता भिंती. लोणा म्हणजे नेमकं काय होतंय ते समजून घेतलंत तर कुठल्याही कंत्राटदाराशी बोलताना तुमचा पाय घसरणार नाही. जमिनीतली ओल दगड आणि चुन्यातून वर चढते, सोबत क्षार आणते. वाऱ्यावरून येणारं मीठ बाहेरून बसतं ते वेगळंच. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. मिठाचे स्फटिक गिलाव्याच्या बारीक छिद्रांत वाढतात आणि आतून दाब देऊन त्याची पूड करतात. शिवाय साध्या मिठाचा एक गुण असा, की हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलंच पाणी ओढून विरघळतं, आणि आर्द्रता खाली आली की पुन्हा स्फटिक होतं. म्हणजे कुठेही गळती नसताना दमट दिवसांत तुमची भिंत ओली दिसेल आणि कोरड्या दिवसांत पांढरी. प्रत्येक फेरीत गिलावा थोडा थोडा सुटत जातो. म्हणून "गळती शोधा" म्हणणारा प्लंबरही या भिंतीपुढे हात टेकतो.

अशा भिंतीवर वॉटरप्रूफ सिमेंटचा गिलावा केला तर वर्षभर भिंत छान दिसते. मग बाहेर पडायला वाट न मिळालेली ओल आणखी वर सरकते. आज लोणा कमरेपर्यंत आहे, उद्या खांद्यापर्यंत जाईल. तिथे सिमेंटचा थर चुन्यापासून सुटून भाकरीसारखा फुगेल आणि पडताना दगडाचा पापुद्रा सोबत घेऊन पडेल. प्लॅस्टिक पेंटचंही तेच. तुमचा रंग सहा महिन्यांत निघतो तो रंग वाईट म्हणून नाही, भिंतीला श्वास घ्यायला तो जागा देत नाही म्हणून.

कंत्राटदार म्हणेल, चुना आता कोण वापरतं, तो टिकत नाही. त्याला शांतपणे विचारा, या भिंती इतकी वर्षं कशावर उभ्या आहेत? पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ सालचं. त्याच्या आधी हजारो वर्षं जगभरची समुद्राकाठची बंदरं, किल्ले, दीपगृहं चुन्यात बांधली गेली. चुन्याचं काम संथ असतं हे खरं. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू घट्ट होतो, त्याला दिवसचे दिवस ओलसर ठेवावं लागतं, कडक ऊन-वाऱ्यापासून ओल्या गोणपाटाने झाकावं लागतं, आणि एक थर बसल्याशिवाय दुसरा देता येत नाही. ज्या गवंड्याने हे आधी केलं आहे त्यालाच घ्या. शिकाऊ हाताला तुमच्या भिंतीवर शिकू देऊ नका.

पण चुन्याच्याही आधी पाणी. घराभोवती चक्कर मारा आणि बाहेरची जमीन जोत्याच्या तुलनेत कुठवर आली आहे ते बघा. जुन्या घरांत वर्षानुवर्षं माती, वाळू, फरसबंदीचे थर साठतात आणि बाहेरची जमीन आतल्या फरशीच्या पातळीला येऊन भिडते. ती किमान १५ सेंटिमीटर खाली उतरवा, घरापासून दूर उतार द्या. भिंतीला लागून सिमेंटचा पट्टा ओतलेला असेल तर तो फोडून तिथे खडीचा चर करा, म्हणजे पायथ्याची ओल बाहेरच्या बाहेर उडून जाईल. पन्हळी दुरुस्त करा, वळचणीचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडणार नाही असं बघा. न्हाणीघराचं सांडपाणी कुठे जिरतं ते शोधा. हे सगळं दिसायला अजिबात देखणं नाही, पण लोण्याचं निम्मं दुखणं इथेच असतं.

मग जुना सिमेंटचा किंवा कुजका गिलावा काढा आणि थांबा. जाड भिंत वाळायचा ढोबळ हिशेब असा, की महिन्याला साधारण २५ मिलिमीटर. तुमची भिंत ४५ सेंटिमीटरची असेल आणि दोन्ही बाजूंनी उघडी असेल तरी नऊ महिने. या काळात वर येणारा लोणा कोरड्या ब्रशने झाडून गोळा करायचा आणि घराबाहेर टाकायचा. पाण्याने धुवायचा नाही, धुतला की मीठ विरघळून पुन्हा आत. मोठे हीटर, पंखे लावून भिंत घाईने वाळवू नका, झपाट्याने वाळताना स्फटिक जास्त नुकसान करतात. मिठाचं प्रमाण फार असेल तर पहिला चुन्याचा गिलावा बळी द्यायचा समजून करा : तो मीठ शोषून घेईल, काही वर्षांनी पडेल, मग पक्का करा. कंत्राटदाराला हे आवडणार नाही. त्याला एका हंगामात काम संपवून पुढे जायचं असतं.

नऊ महिने ऐकून तुमचा धीर सुटला असेल. पण या काळात घर बंद ठेवायची गरज नाही. उघड्या दगडांच्या खोलीत गादी टाकून राहा. सकाळी ऊन कुठून येतं, दुपारी कुठली खोली तापते, रात्री कुठली खिडकी खडखडते, तुम्ही दोघं चहा घेऊन आपोआप कुठे जाऊन बसता, हे सगळं एका वहीत लिहा. आराखडा काढणाऱ्याला ही वही द्या. दहा फोटो दाखवण्यापेक्षा तिचा उपयोग जास्त.

आता स्लॅब. सळ्या दिसताहेत म्हणजे हे काम लांबवायचं नाही, आणि त्याखाली झोपायचं तर मुळीच नाही. काँक्रीट मुळात तीव्र अल्कधर्मी असतं, त्याच्या कुशीत लोखंड सुरक्षित राहतं. दोन गोष्टी ही सुरक्षा मोडतात. एक, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून अल्कधर्म कमी करतो. दुसरी, मिठातला क्लोराइड सळईपर्यंत पोचतो. त्यानंतर गंज चढतो, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो. म्हणून खालचं काँक्रीट फुगून गळून पडतं. जुन्या स्लॅबमध्ये सळईवरचं आवरण बऱ्याचदा १५-२० मिलिमीटरच असतं. समुद्राकाठी ५० मिलिमीटर किंवा जास्त लागतं.

इथे एक सोपी तपासणी आहे, तुमच्या डोळ्यांसमोर करून घ्या. स्ट्रक्चरल इंजिनिअर स्लॅबचा छोटा तुकडा ताजा फोडतो आणि फुटलेल्या भागावर फिनॉल्फ्थेलिनचं रंगहीन द्रावण फवारतो. जिथे काँक्रीटचा अल्कधर्म शाबूत आहे तिथे ते झटकन गडद गुलाबी होतं. जिथे गेला आहे तिथे काहीच होत नाही, राखाडी तसंच राहतं. पृष्ठभागापासून गुलाबी रेषेपर्यंतचं अंतर मोजपट्टीने मोजायचं आणि सळई त्या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे ते बघायचं. सळई राखाडी भागात असेल तर दुखणं सगळीकडे पसरलेलं समजा. ही चाचणी क्लोराइडबद्दल मात्र काही सांगत नाही. गुलाबी भागातसुद्धा क्लोराइडमुळे सळई गंजू शकते, म्हणून काँक्रीटची पूड काढून प्रयोगशाळेत क्लोराइड मोजून घ्या. दोन्ही आकडे हातात आल्याशिवाय कुणाशीही दुरुस्तीचं बोलणं करू नका.

कारण ठिगळं लावून हा स्लॅब सुधारणार नाही. क्लोराइडने भरलेल्या काँक्रीटमध्ये एका जागी गंज काढून नवं सिमेंट भरलं, तर त्या ठिगळाच्या कडेलाच जुन्या भागात गंज जोरात सुरू होतो. गंजलेली जागा आधी शेजारच्या सळईला नकळत वाचवत असते, ती जागा दुरुस्त झाली की शेजारचा नंबर लागतो. म्हणून दर दोन वर्षांनी ठिगळाशेजारी नवं ठिगळ लागलेले स्लॅब दिसतात. तुमचा हा स्लॅब मागच्या जोडखोल्यांवरचाच आहे, मूळ घराचा नाही. अहवाल वाईट आला तर ही जोड सरळ उतरवा आणि तिथे हलकं, लाकडी छपराचं स्वयंपाकघर बांधा. लोखंडच नको. पुन्हा स्लॅबच घालायचा असेल तर वाळू धुतलेली, पाणी गोडं आणि आवरण जाड, या तिन्हींवर कुणीतरी उभं राहून लक्ष ठेवा. समुद्राकाठच्या बोअरचं पाणी काँक्रीटमध्ये सर्रास वापरलं जातं आणि तिथेच पुढच्या गंजाची पेरणी होते. किनाऱ्याखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीपासून गोड्या पाण्याची पातळी एक फूट वर असेल, तर खाली सुमारे ४० फूट गोडं पाणी, असं ते गणित. उपसा वाढून वरचं एक फूट खाली आलं की खालचं चाळीस फूट संपतं. बांधकामाच्या ऐन गडबडीत पंप दिवसभर चालतो तेव्हा नेमकं हेच होतं.

यातून दादांच्या प्रश्नाचं उत्तरही येतं. ४५ सेंटिमीटर जाड, गंजायला लोखंड नसलेल्या, दुपारी आत गारवा धरणाऱ्या भिंती समुद्राकाठी आज मुद्दाम बांधायच्या म्हटल्या तरी अवघड. पाडून जे उभं राहील ते सळ्यांवर उभं राहील, आणि समुद्र सळ्या खातो. शिवाय अनेक देशांत किनाऱ्यालगत नव्या बांधकामाला भरतीरेषेपासून अंतराचे नियम असतात. आहे ते दुरुस्त करायला परवानगी मिळते पण पाडलं की त्याच जागी पुन्हा बांधता येत नाही, असं अनेक ठिकाणी घडतं. दादांना म्हणावं, हातोडा उचलण्याआधी तिथल्या कार्यालयातून लेखी उत्तर आणा. आणि एक गोष्ट दोघांनी मिळून करा : आत्याच्या अल्बममधले जुने फोटो आणि इंटरनेटवर मिळणारी जुनी उपग्रहचित्रं शेजारी ठेवून किनारा कुठे सरकलाय ते बघा. समुद्र दर दशकाला जवळ येताना दिसत असेल तर घरात किती पैसा घालायचा याचा हिशेबच बदलतो. या एका बाबतीत दादांचं ऐकायची तयारी ठेवा. अशा वेळी पाडायचंही नाही आणि फार सजवायचंही नाही.

काचेच्या भिंतीबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. समुद्राचं दर्शन हवं हे मान्य. पण काचेच्या भिंतीमागे बसून दिवसभर समुद्र बघणारं माणूस मी पाहिलेलं नाही. दुपारी पडदे ओढलेलेच असतात, कारण पाण्यावरून परावर्तित झालेला उजेड डोळ्यांत सलतो. समुद्र पश्चिमेला असेल तर संध्याकाळचं ऊन इतक्या खालून येतं की छपराची पुढे काढलेली झापही त्याला अडवू शकत नाही. तिथे उभ्या लाकडी पट्ट्यांची सरकती झडपंच लागतात. मग झडपं लावायची आणि मागे काच, म्हणजे केलं काय? रात्री बाहेर अंधार आणि आत दिवा, की काचेत तुमचंच प्रतिबिंब. आणि मिठाच्या थरात अडकलेली वाळू कोरड्या फडक्याने पुसली तर काचेवर ओरखडे पडतात. आधी गोड्या पाण्याने धुवायची. एवढी मोठी काच दर आठवड्याला कोण धुणार, "काहीही करावं लागू नये" म्हणणाऱ्या तुम्ही दोघं?

त्याऐवजी आहे ती भिंत ठेवा आणि एक खिडकी खाली उतरवा. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १ मीटर १० ते २० सेंटिमीटरवर असतात. जुन्या खिडकीचा उंबरा तेवढाच उंच असला की बसल्यावर फक्त आकाश दिसतं आणि खोली अंधारी, कोंदट वाटते. उंबरा ६० सेंटिमीटरवर आणला तर बसल्या जागेवरून क्षितिज दिसतं. भिंत जाड आहे, तेव्हा खिडकीच्या पोटात आपोआप बसायची जागा तयार होते. उशी टाकली की झालं. दगडी भिंतीत उघडणी वाढवताना वरच्या तुळईचं इंजिनिअरकडून बघून घ्या. तुळई लाकडाची किंवा दगडाची करा, लोखंडी नको.

अंधाराचं आणखी एक कारण समुद्राकडे नसून पाठीमागे आहे. खोलीत एकाच बाजूने उजेड आला की समोरची भिंत काळवंडते आणि खिडकी डोळ्यांवर येते. मागच्या भिंतीत, कौलांच्या खाली, लांबट उघडणी करा. काही कौलांच्या जागी काचेची कौलं बसवा. वाऱ्यासाठीही मागची बाजू उघडी हवीच. दिवसा जमीन तापते आणि वारा समुद्रावरून येतो. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. निजायच्या खोलीला फक्त समुद्राकडची खिडकी असेल तर रात्रीचा वारा तिच्यात शिरतच नाही. पीओपीचं छत घातलं तर कौलांखालून निघून जाणारी गरम हवाही कोंडते. छत उघडं ठेवा. वासे स्वच्छ करा, वाळवी लागलेले बदला, कौलांखाली लाकडी फळ्या मारा.

लोखंडी जाळ्या, बिजागऱ्या, कड्या याबद्दल थोडक्यात. स्टेनलेस स्टील म्हणून दुकानात जे सर्रास मिळतं ते ३०४ प्रतीचं असतं, समुद्राकाठी त्याला महिन्याभरात तपकिरी ठिपके येतात. ३१६ मागा. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते क्लोराइडला तोंड देतं. तेही अधूनमधून धुवावं लागतं. पितळ आणि कांसं काळं पडतं पण गळत नाही, मला दारावर तेच आवडतं. अ‍ॅल्युमिनियमची चौकट घेतलीत तर अ‍ॅनोडायझिंग (धातूवरचा संरक्षक थर) २५ मायक्रॉनचं आहे याची लेखी खात्री घ्या, आणि तिच्यात स्टेनलेसचा स्क्रू थेट बसवू देऊ नका. खाऱ्या ओलीत हे दोन धातू एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये नायलॉनचा वॉशर हवा. जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड जागेवर कापलं किंवा वेल्डिंग केलं की तिथला मुलामा गेला, म्हणून कापाकापी आधी, मुलामा नंतर. आणि आत्याची जुनी सागवानी दारं फेकू नका. खालचा कुजलेला भाग कापून नवं लाकूड सांधणारा सुतार शोधा.

विजेचं काम मात्र सगळं नवं. जुन्या तारा, गंजलेले अर्थिंगचे रॉड, हिरव्या पडलेल्या पट्ट्या, यातलं काहीही ठेवू नका. ३० मिलिअँपिअरवर तुटणारा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारी कळ) बसवा. एसी लावणार असाल तर बाहेरचं युनिट समुद्राच्या उलट बाजूला.

एक बारकावा फारसं कुणी सांगत नाही. समुद्राकाठी उघड्यावरच्या वस्तूंपेक्षा आडोशाच्या वस्तू लवकर गंजतात. उघड्यावरचं मीठ पावसाने धुऊन जातं, पडवीच्या छताखालचं साठत राहतं. तेव्हा नळाची लांब नळी पडवीपर्यंत पोचेल अशी तोटी काढून ठेवा. आल्यावर पाच मिनिटं झडपं, बिजागऱ्या आणि दिव्यांच्या खालच्या बाजू धुतल्या की पुष्कळ. समुद्राकाठी शून्य देखभालीचं घर नसतं. देखभाल किती आणि कसली, एवढंच आपल्या हातात असतं. पाच मिनिटांची नळी आणि एक-दोन वर्षांनी भिंतीला पातळ चुना, एवढ्यावर आणता आलं तर मी म्हणेन जमलं.

आता "आधुनिक". इथवर वाचून तुम्हाला वाटलं असेल, ही बाई मला जुनाट घरात परत ढकलतेय. तसं नाही. जाड पांढऱ्या चुन्याच्या भिंती, घासून मऊ केलेली पण चकाकी न दिलेली दगडी फरशी, वर उघडं लाकूड आणि मोजकं सामान, याहून समकालीन काय हवं? चुन्याच्या पांढऱ्यात आणि प्लॅस्टिक पेंटच्या पांढऱ्यात फरक असतो. चुना उजेड मऊ करून परत देतो, पेंट तोंडावर फेकतो. शुद्ध पांढराही घेऊ नका, त्यात चिमूटभर पिवळी माती मिसळा. समुद्राच्या कडक उजेडात डोळे निवतात.

मोकळ्या खोलीचा एक तोटा मात्र आधीच ओळखा. चकचकीत फरशी, काच, सपाट छत आणि मध्ये एकच सोफा, असली खोली फोटोत शांत असते आणि कानाला भयंकर. चमचा पडला तरी घुमतो. दोन माणसं बोलायला लागली की आवाज चढतो. आवाज शोषायला काहीतरी खडबडीत आणि मऊ हवं. चुन्याची भिंत किंचित मदत करते, कौलांखालचं उतरतं लाकूड जास्त, आणि सुती सतरंजी, पुस्तकांचं कपाट, जाड पडदे सगळ्यात जास्त. लाटांचा आवाज झोप लावतो, खडखडणारं झडप झोप मोडतं. प्रत्येक झडपाला वाऱ्यात घट्ट बसणारा हूक आहे ना, ते सुतार जायच्या आधी स्वतः हलवून बघा.

दिवे कमी, खाली आणि पिवळसर. दिव्याच्या रंगाचा आकडा २७०० केल्विनच्या वर जाऊ देऊ नका. समुद्राकडे तोंड केलेला एकही उघडा दिवा नको. एकतर त्याने तुमचाच अंधारातला समुद्र हरवतो, आणि ज्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात तिथे पिल्लं समुद्राऐवजी घरातल्या उजेडाकडे चालत जाऊन मरतात.

सामानाचं काय, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण वाद तिथेच होणार आहे. आत्याच्या घरात भरपूर वस्तू असतील आणि दादा, तुम्ही, ह्यांचं, सगळ्यांचं त्यांच्याबद्दल वेगवेगळं मत असेल. मोकळं घर हवं म्हणून एका दुपारी सगळं बाहेर काढू नका. भिंती वाळायच्या नऊ महिन्यांत सामान एका कोरड्या खोलीत ठेवा आणि राहायला जाल तेव्हा जे खरोखर लागेल तेवढंच बाहेर आणा. हंगामाच्या शेवटी त्या खोलीत जे उरलं असेल त्याबद्दल दादांशी बसून बोला. मात्र एक कपाट बंद दाराचं आणि मोठं करा. छत्र्या, टॉर्च, ओले टॉवेल, औषधं, चार्जर, सगळं त्यात. मोकळ्या दिसणाऱ्या प्रत्येक घरात असं एक गच्च भरलेलं कपाट असतंच.

पुढच्या वेळी जाल तेव्हा सोबत जाड प्लॅस्टिकचा तुकडा आणि चिकटपट्टी न्या. लोणा लागलेल्या भिंतीवर, पोपडे झाडून, हातभर चौकोन चारी बाजूंनी घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. पाण्याचे थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला आले तर ओल भिंतीतून येतेय, खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतली आहे आणि आधी खिडक्यांचं बघावं लागेल. तोच प्रयोग आतल्या, समुद्रापासून लांबच्या भिंतीवरही करा. दोन्हींचे फोटो, स्लॅबचे क्लोराइडचे आकडे आणि बाहेरची जमीन जोत्यापासून किती खाली आहे ते माप, एवढं पाठवा. कंत्राटदाराला तोवर फक्त पन्हळींचं काम द्या.